कलता गुत्ता

वाल्पाराइसोच्या धक्क्यावर, कस्टमच्या वखारीमागं
एक जहाज वाळूत रुतलं होतं, कुशीवर कललेलं.
नावातली शेवटची दोन अक्षरं तेवढी उरलेली.
त्याच्या पोटात बार्तोलो केइरोलोचा गुत्ता.

मी नऊ वर्षांची, पेले विसळायला ठेवलेली.
पहिल्या दिवशी त्यानं एवढंच शिकवलं:
आधी उताराच्या बाजूनं लाकडाची पाचर सारायची,
पेला सरळ उभा राहिला की मग दारू.
माणसांना पाचर लावायची नाही.

दारापासून गल्ल्यापर्यंत चांगला हातभर उतार.
शुद्धीतला माणूस झोकांड्या खात आत यायचा
आणि चार पेल्यांनंतर
नाकासमोर चालत बाहेर पडायचा.
पाद्रीबाबा एकदा उपदेश करायला आले
ते उंबऱ्यातून थेट गल्ल्याच्या पायाशी.
पुढं कित्येक वर्षं सांगत फिरले, थेंबभरही घेतली नव्हती.
तेच तर, बार्तोलो म्हणायचा.

सुतार दोनदा येऊन गेला.
अठरा पेसो द्या, जमीन सपाट करतो.
"आधी तो समोरचा समुद्र सपाट कर,
मग ये."

एक पेलिकन होता, एका डोळ्यानं आंधळा,
येईल त्याच्या पिशवीत चोच खुपसणारा.
त्याला सगळे कस्टमसाहेब म्हणत.
खऱ्या साहेबांना ते खपायचं नाही,
पण मासळी दिली की दोघंही वाट सोडत.

पाटी नव्हती, नियम सगळ्यांना पाठ.
उधारी चालेल.
मारामारी चालेल, पण उताराकडं ढकलायचं नाही, ती लबाडी.
वादळाची गोष्ट सांगायची असेल तर
पेल्याला दुप्पट पैसे.
"केप हॉर्नच्या लाटा दर शनिवारी उंच होतात,
छप्पर पुरायचं नाही मला."

म्हणून लोक दुसरंच काहीबाही बोलायचे.
दाढदुखी. बटाट्याचा भाव.
चिलोएच्या रेमिहिओची सासू,
जिला त्यानं अजून पाहिलंच नव्हतं आणि तरी घाबरायचा.
माझी आई त्रान्सितो, धोबीण, गाठोडं घेऊन यायची,
नाव तिला एकाचंही माहीत नाही,
सदऱ्याच्या ठिगळावरून माणूस ओळखायची.

स्वान्सीचा इवोर, तांबं नेणाऱ्या जहाजावरचा.
तीन खेपा धाकट्या भावाबरोबर आला.
भाऊ बोलायचा, हा ऐकायचा.
चौथ्या खेपेला एकटा.
फळीवर आधी पैसे ठेवले.
दुप्पट.
नाणी घरंगळायला लागली, मी तळहात आडवा धरला.

कुणी बोलेना. कस्टमसाहेबही चोच मिटून.
इवोर बराच वेळ उभा होता, उताराशी एक पाय रोवून.
मग म्हणाला,
"त्याचे बूट माझ्याकडं राहिलेत."

झालं. लाट नाही, वारा नाही, उंची नाही.

बार्तोलोनं माझ्या हाताखालची नाणी मोजली
आणि अर्धी परत सारू लागला,
चढावर, एका बोटानं, एकेक.
ती खाली यायची.
तो पुन्हा सारायचा.
आई म्हणाली, आण ते बूट उद्या,
खारं पाणी कातडं खातं.

पुढं नगरपालिकेनं समुद्रच भरून काढला,
दगड, राख, मेलेल्या घोड्यांची हाडंसुद्धा म्हणे.
जहाजाच्या चारी अंगांनी रस्ता आला.
मी पाहिलं नाही, मी तेव्हा इकीकेला, लग्न होऊन.
आता तिथं टोप्यांचं दुकान आहे,
जमीन आरशासारखी, टोप्या महाग.

आमच्या घरचं टेबल सरळ आहे.
नवऱ्यानं पाण्याची बशी ठेवून दाखवलंय, दोनदा.
तरी पेला ठेवताना माझं बोट खाली चाचपतं,
चुलीपाशी पडलेला लाकडाचा तुकडा
मी त्याच्याखाली सारते.
पेला कलतो.
हां, मी म्हणते, आता ओत.